तळ्याचे ऋतू आणि ट्राउट मासा

कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे. प्रशांत महासागरावरून येणारे ढग तेथील किनाऱ्यालगतच्या पर्वतरांगांवर रिते होतात आणि त्या रांगांपलीकडचा कॅमलूप्स शहराभोवतीचा प्रदेश पर्जन्यछायेत राहतो. सह्याद्रीच्या पूर्वेकडील माणदेशाच्या वाट्याला तोकडा पाऊस येतो, तसाच हा प्रकार होय. मात्र माणदेशात कधी पाणी गोठत नाही. येथे उन्हाळ्यात पारा ३५ अंश सेल्सिअसच्या वर चढतो आणि हिवाळ्यात तळ्यांवर बर्फाची जाड लादी धरते. हिमयुगातील हिमनद्यांनी कोरून ठेवलेल्या खळग्यांत या पठारावर शेकडो लहान तळी साठलेली आहेत. काही तळी तर एवढी लहान, की तासाभरात काठाकाठाने फेरी पूर्ण व्हावी.

या तळ्यांत इंद्रधनुषी ट्राउट हा मासा आढळतो. अंगावर काळे ठिपके आणि दोन्ही कुशींवर गुलाबी पट्टा, ही त्याची ओळख. गळ टाकून मासे धरण्याला कोकणात ‘गरवणे’ म्हणतात. हा मासा गरवण्यासाठी कॅमलूप्सच्या तळ्यांवर दूरदूरहून हौशी माणसे येतात. मात्र नवख्या माणसाला येथे एक कोडे पडते. मे महिन्यात काठाजवळ, दोन-तीन मीटर खोलीच्या पाण्यात ज्याला भराभर मासे लागले, तोच माणूस जुलैच्या अखेरीस त्याच जागी, तेच आमिष लावून दिवसभर बसतो आणि रिकाम्या हाताने परततो. तळे तेच असते. बहुतेक तळ्यांतून मासा बाहेर पडेल असा मोठा प्रवाहही नसतो. मग मासे गेले कोठे?

या प्रश्नाचे उत्तर माशाच्या लहरीत सापडत नाही. ते पाण्यात सापडते. वरून एकसारखे दिसणारे तळे आतून वर्षभर बदलत असते आणि मासा त्या बदलामागे फिरत असतो. हा बदल समजला की गळ कोठे टाकावा हे कळते आणि गळ केव्हा टाकू नये हेही कळते.

माशाच्या दोन गरजा

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा आहे. माशाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याप्रमाणे कमीजास्त होते. त्यामुळे पाण्याची ऊब हीच त्याच्या शरीराची ऊब ठरते. साधारणपणे १० ते १६ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात इंद्रधनुषी ट्राउट उत्साहाने खातो आणि वाढतो. पाणी २० अंशांच्या वर गेले की त्याला त्रास होऊ लागतो. २५ अंशांच्या आसपास त्याच्या जिवावर बेतते.

दुसरी गरज प्राणवायूची. मासा कल्ल्यांवाटे पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. हा साठा अगदी तुटपुंजा असतो. समुद्रसपाटीवर शून्य अंशाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर २५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ८.३ मिलिग्रॅम. म्हणजे पाणी जितके उबदार, तितका त्यातील प्राणवायू कमी. येथे माशाची दुहेरी कोंडी होते, कारण ऊब वाढली की शरीरातील व्यवहार वेगाने चालू लागतात आणि प्राणवायूची गरज वाढते. गरज वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. लिटरला ५ मिलिग्रॅमहून कमी प्राणवायू असलेल्या पाण्यात ट्राउट अस्वस्थ होतो आणि शक्य असेल तर तेथून दूर जातो.

थंडावा आणि प्राणवायू जेथे एकत्र असतील, तेथेच ट्राउट असतो. लहान तळ्यात ही जागा ऋतूबरोबर सरकत राहते.

चार अंशांचे नवल

ही जागा का सरकते, हे कळण्यासाठी पाण्याचा एक आगळा गुणधर्म ध्यानात घ्यावा लागतो. बहुतेक पदार्थ थंड होताना आकसतात आणि अधिक घन होतात. पाणीही तसेच वागते, पण सुमारे ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याहून थंड होताना ते पुन्हा प्रसरण पावते आणि हलके होते. म्हणून सर्वांत जड पाणी ४ अंशांचे. त्याहून उबदार किंवा त्याहून थंड पाणी त्याच्यावर तरंगते. बर्फ तर पाण्याहूनही हलका. त्यामुळे तळे वरून खाली गोठत जाते आणि बर्फाखाली जीवसृष्टी तग धरून राहते.

या साध्या नियमामुळे तळ्यात थर पडतात. स्वित्झर्लंडचे फ्रांस्वा-आल्फोंस फोरेल यांनी जिनिव्हा सरोवराचा आयुष्यभर अभ्यास करून सरोवरशास्त्राचा पाया घातला. पुढे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एडवर्ड बर्ज आणि चॅन्सी ज्यूडे यांनी अनेक सरोवरांच्या निरनिराळ्या खोलींवरील तापमान आणि विरघळलेले वायू मोजले. १९११ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सरोवर जणू श्वास घेते आणि तो त्याला वर्षभर पुरवावा लागतो, हे अशा मोजमापांतून स्पष्ट झाले.

वसंत : तळ्याची घुसळण

कॅमलूप्सच्या आसपासच्या सखल भागातील तळ्यांवरचा बर्फ साधारणपणे एप्रिलमध्ये वितळतो. उंच पठारावरील तळी मे महिन्यात मोकळी होतात. बर्फ हटल्यावर ऊन थेट पाण्यावर पडते. पृष्ठभागाचे पाणी तापत तापत ४ अंशांपर्यंत येते. तळाचे पाणीही त्याच सुमारास असते. वर आणि खाली सारख्याच वजनाचे पाणी झाल्यामुळे थरांमधली भिंत नाहीशी होते. अशा वेळी जोराचा वारा सुटला की रवीने ताक घुसळावे तसे सारे तळे वरपासून तळापर्यंत घुसळून निघते.

ही घुसळण तळ्याला जीवदान देते. हिवाळाभर कोंडलेले तळाचे पाणी वर येते, हवेतून प्राणवायू घेते आणि ताजे पाणी खाली जाते. मात्र प्रत्यक्ष घुसळणीचे दिवस गरवणाऱ्याला निराश करतात. तळचा गाळ आणि कुजके वायू वर येतात. पाणी गढूळ दिसते, कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्राणवायू सर्वत्र विरळ होतो आणि मासे मलूल होऊन खाणे सोडतात. जाणकार मंडळी अशा तळ्यावर आठवडा-दोन आठवडे फिरकत नाहीत. ती अधिक उंचीवरच्या, अजून न घुसळलेल्या किंवा सखल भागातील, घुसळण आटोपलेल्या तळ्याकडे वळतात.

पाणी निवळले की वर्षातले उत्तम दिवस सुरू होतात. तळ्यात सगळीकडे थंडावा असतो आणि सगळीकडे प्राणवायूही असतो. त्यामुळे मासा अन्नाच्या मागे हवा तेथे जाऊ शकतो आणि अन्न असते उथळ पाण्यात. तेथे सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो, पाणवनस्पती वाढतात आणि त्यांच्या आश्रयाने कोळंबीसारखे बारीक कवचधारी जीव वाढतात. तळाच्या चिखलात ‘कायरोनोमिड’ या न चावणाऱ्या, चिलटांसारख्या माश्यांच्या अळ्या असतात. त्यांपैकी अनेक अळ्या तांबड्या दिसतात, कारण त्यांच्या अंगी आपल्या रक्तातल्यासारखेच हीमोग्लोबिन असते आणि त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या चिखलातही त्या जगू शकतात. पाणी उबदार होऊ लागताच त्यांचे कोश होतात आणि ते संथपणे पृष्ठभागाकडे चढतात. ट्राउट त्यांना वाटेतच टिपतो. म्हणूनच कॅमलूप्सचे गरवणारे पिसे आणि दोरा यांपासून बनवलेला कोशाच्या आकाराचा नकली किडा तरंगीखाली लटकवून, नाव स्थिर ठेवून तासन्‌तास वाट पाहतात. मेनंतर चतुर आणि टाचण्या यांची पिल्लेही काठाकडे पोहत येतात आणि माशांची चंगळ होते.

उन्हाळा : दोन भिंतींमधली जागा

जून उलटतो तशी पृष्ठभागाची ऊब वाढत जाते. उबदार पाणी हलके, म्हणून ते वरच राहते. वारा त्याला ढवळतो, पण खालच्या जड, थंड पाण्यात मिसळण्याइतका जोर त्याच्यात नसतो. तळे आता तीन थरांत विभागले जाते. वर उबदार पाणी, तळाशी थंड पाणी आणि दोहोंच्या मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा एक थर. मीटरभर खाली गेले की एक अंश किंवा त्याहून जास्त उतार पडावा, असा हा मधला थर असतो. त्याला ‘थर्मोक्लाइन’ असे नाव आहे. उन्हाळ्यात तळ्यात सूर मारणाऱ्याच्या पायांना अचानक गारवा लागतो, तो येथेच.

वरच्या थराचे तापमान २० अंशांच्या पुढे गेले की ट्राउटला तेथे राहवत नाही. तो खाली जातो. मे महिन्यातील काठाजवळची जागा जुलैत ओस पडते, ती यामुळे. आपल्या कोड्याचे हे अर्धे उत्तर झाले.

उरलेले अर्धे उत्तर अधिक गंभीर आहे. मोठ्या, खोल सरोवरात तळाशी थंड पाण्याचा प्रचंड साठा असतो आणि त्यातला प्राणवायू उन्हाळाभर पुरतो. लहान तळ्यात हा साठा थोडा असतो. वरच्या थरात वाढलेले शेवाळ आणि मृत जीव तळाशी पडतात, तेथे कुजतात आणि कुजण्याच्या क्रियेत प्राणवायू खर्च होतो. मधल्या थरामुळे वरची हवा खाली पोहोचत नाही. त्यामुळे खालून वर असा प्राणवायू संपत जातो. वर असह्य ऊब, खाली गुदमरवणारे पाणी आणि मध्ये मीटर-दोन मीटर जाडीचा राहण्याजोगा पट्टा, अशी ट्राउटची स्थिती होते. कडक उन्हाळ्यात हा पट्टा आणखी अरुंद होतो. कधी तो पूर्णपणे नाहीसाही होतो आणि मग तळ्यावर मेलेले मासे तरंगू लागतात.

तीन-चार मीटरच खोली असलेल्या तळ्यात तर थर टिकतच नाहीत. वारा सारे पाणी ढवळून टाकतो आणि तळे वरपासून खालपर्यंत तापते. तेथे माशाला पळून जायला थंड कोपराही उरत नाही. फार तर तळातून एखादा झरा फुटत असेल, तर त्याच्या तोंडाशी मासे गोळा होतात.

अनुभवी माणूस या दिवसांत दोरीला तापमापक बांधून मीटरमीटरने पाणी मोजतो आणि थंडाव्याचा पट्टा शोधतो. गळ त्या खोलीवर सोडला की मासा लागतो. भल्या पहाटे पृष्ठभाग थोडा निवलेला असतो, तेव्हा मासा वरही येतो. पण येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. अनेक हौशी माणसे मासा धरून पुन्हा पाण्यात सोडतात. थंड पाण्यात अशा प्रकारे सोडलेला मासा बहुधा जगतो. उन्हाळ्यात मात्र खालच्या गार थरातून ओढलेला मासा झुंजत झुंजत उबदार, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातून वर येतो. दमलेल्या शरीराला जेव्हा सर्वाधिक प्राणवायू हवा, तेव्हाच तो मिळत नाही. हातातून सोडलेला मासा पोहत जाताना दिसतो, परंतु काही वेळाने खोल पाण्यात मरतो. सोडणाऱ्याला ते कधीच कळत नाही. म्हणून पृष्ठभागाचे पाणी २० अंशांच्या आसपास पोहोचले की जाणते लोक आपली काठी गुंडाळून ठेवतात. मासा सापडत असतानाही त्यांनी थांबायचे ठरवलेले असते.

पानगळ : दुसरी घुसळण

सप्टेंबरमध्ये रात्री गार होतात. पृष्ठभागाचे पाणी थंड होऊन जड होते आणि खाली बुडते. वरचा थर दिवसेंदिवस जाड आणि थंड होत जातो, मधली भिंत खाली ढकलली जाते आणि अखेर ती नाहीशी होते. साधारणपणे ऑक्टोबरच्या सुमारास तळे पुन्हा घुसळले जाते. वसंताप्रमाणेच काही दिवस पाणी गढूळ होते, मासे खात नाहीत आणि मग सारे स्थिरावते.

त्यानंतर बर्फ धरेपर्यंतचे आठवडे ट्राउटसाठी मोलाचे असतात. थंडावा आणि प्राणवायू पुन्हा सर्वत्र मिळतो, म्हणून मासे काठाकडे परततात. पाणवनस्पती सुकू लागल्याने त्यांच्यात दडलेले कवचधारी जीव उघड्यावर येतात. पुढील लांब हिवाळ्यासाठी अंगात चरबी साठवायची असल्याने मासा आधाशीपणे खातो. पाणी थंडच असल्याने सोडलेला मासाही जगतो. शिकार आणि संयम यांचा मेळ बसतो, असा हा काळ आहे.

हिवाळा : बर्फाचे झाकण

तळ्यावर बर्फ धरला की थरांचा क्रम उलटा होतो. बर्फाला लागून शून्य अंशाच्या जवळचे पाणी आणि तळाशी ४ अंशांच्या आसपासचे जड पाणी. थंडीचा आता प्रश्न उरत नाही. प्रश्न राहतो प्राणवायूचा. बर्फाच्या झाकणामुळे हवेशी संबंध तुटतो. बर्फ स्वच्छ असेल तर त्यातून प्रकाश जातो आणि पाणवनस्पती थोडाफार प्राणवायू निर्माण करतात. परंतु बर्फावर हिमाचा जाड थर साचला की आत अंधार होतो. कुजण्याची क्रिया चालूच राहते. साठा हळूहळू संपतो, तोही तळाकडून वर. म्हणून हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून गळ टाकणारे लोक फार खोल जात नाहीत. ट्राउट बहुधा बर्फाखालच्या पहिल्या काही मीटरांतच मिळतो. बर्फावर जाण्याआधी त्याची जाडी मोजणे आवश्यक असते. माणसाने पायी जायचे तर किमान १० सेंटिमीटर स्वच्छ, घट्ट बर्फ हवा, असा संकेत आहे.

तळे उथळ असेल, शेवाळ भरपूर असेल आणि हिवाळा लांबला, तर वसंत येण्यापूर्वीच प्राणवायू संपतो आणि तळ्यातील मासे मरतात. बर्फ वितळल्यावर काठाला लागलेल्या मृत माशांवरून ही घटना कळते. ज्या तळ्यात वनस्पती आणि कीटक विपुल, तेथेच मासा वेगाने वाढतो आणि त्याच तळ्यात गुदमरण्याचा धोकाही जास्त असतो. त्यामुळे काही तळ्यांत यंत्राने पाणी खेळते ठेवून प्राणवायू मिसळला जातो. पुष्कळ तळ्यांत ट्राउटला अंडी घालण्यासाठी लागणारा वाहता झरा नसल्याने तेथे संवर्धन केंद्रातील पिल्ले सोडावी लागतात. पिल्ले किती सोडायची, हेही त्या तळ्याचा हिवाळा आणि उन्हाळा पाहूनच ठरवावे लागते.

बदलते ऋतू

तळ्याचे हे वर्षचक्र आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. विस्कॉन्सिनमधील मेंडोटा सरोवरावर बर्फ केव्हा धरला आणि केव्हा वितळला याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ठेवल्या गेल्या आहेत. बर्फाचे दिवस कमी होत चालल्याचे त्या नोंदी दाखवतात. २९ जून २०२१ रोजी कॅमलूप्सपासून फार दूर नसलेल्या लिटन या गावी ४९.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्याच वर्षी समशीतोष्ण प्रदेशातील ३९३ सरोवरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९८० पासून या सरोवरांच्या पृष्ठभागाजवळचा प्राणवायू ५.५ टक्क्यांनी, तर खोल पाण्यातला १८.६ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. उन्हाळा लांबला की थर अधिक काळ टिकतात आणि तळाच्या पाण्याला दुसऱ्या घुसळणीची वाट अधिक दिवस पाहावी लागते. ट्राउटच्या वाट्याचा तो मधला पट्टा दोन्ही बाजूंनी दाबला जात आहे.

ट्राउट मूळचा भारतातला नव्हे, तरी तो येथे सव्वाशे वर्षांपासून आहे. १८९९ साली काश्मीरसाठी ब्रिटनहून पाठवलेली तपकिरी ट्राउटची अंडी वाटेत नष्ट झाली, १९०० सालचा प्रयत्न यशस्वी झाला. आज काश्मीरमधील नद्यांत आणि गंगाबल, विशनसर यांसारख्या, हिवाळ्यात गोठणाऱ्या उंच सरोवरांतही ट्राउट आढळतो. महाराष्ट्रातील तळी त्याच्यासाठी फार उबदार आहेत. पण पाण्याचे नियम तेथेही तेच लागू पडतात. ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे शेततळ्यातील रोहू-कटला पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकताना दिसतात, कारण रात्रभर श्वसन चालू राहिल्याने पाण्यातला प्राणवायू संपत आलेला असतो. कॅमलूप्सचा गरवणारा तापमापक पाण्यात सोडून जे पाहतो, तेच हा शेतकरी उघड्या डोळ्यांनी पाहतो. मासा दिसो वा न दिसो, त्याच्या भोवतालचे पाणी कसे आहे, हे दोघांनाही आधी पाहावे लागते.